घरगुती नेटवर्कवरील फाइल शेअरिंगच्या परवानग्या

एकाच राउटरला जोडलेल्या घरातील संगणकांपैकी एकावरचे फोल्डर दुसऱ्यावरून कोणी उघडावे, कोणी त्यात बदल करावेत आणि कोणाला ते बंद राहावे, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेस फाइल शेअरिंगच्या परवानग्या म्हणतात. विंडोजमध्ये ही देवाणघेवाण मुख्यतः एसएमबी या प्रोटोकॉलने, म्हणजे संगणकांनी फाइली मागण्या-देण्याच्या ठरावीक नियमांनी, होते. लिनक्सवर तेच काम सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर करते.

विंडोज परवानगी दोन ठिकाणी तपासते. शेअरिंगची परवानगी फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू असते, तर डिस्कवरील एनटीएफएसची (डिस्कवर फाइली साठवण्याच्या विंडोजच्या पद्धतीची) परवानगी त्या संगणकासमोर बसलेल्यालाही लागू असते, आणि दोहोंत जी अधिक कडक तीच चालते. मालवणातल्या एखाद्या होमस्टेत बुकिंगचे फोल्डर शेअर करताना ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सर्वांना, पूर्ण अधिकार दिले, पण एनटीएफएसची परवानगी ठरवणाऱ्या सिक्युरिटी टॅबमध्ये केवळ वाचनाचीच मुभा ठेवली, तर माडीवरच्या लॅपटॉपवर तक्ता उघडतो, नवी नोंद मात्र सेव्ह होत नाही. एक्सफॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ही दुसरी तपासणी नसतेच.

ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्याच्यावरील खात्याचे नाव व पासवर्ड मागितला जातो. तेथे चार अंकी पिन चालत नाही, कारण पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. घरोघरी अडते ते बहुधा येथेच. बिनपासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून प्रवेश मूळ सेटिंगमध्ये नाकारलेला असतो. तो मिळावा म्हणून पासवर्ड-संरक्षण सरसकट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण पाहुण्यांनाही तोच वायफाय देणाऱ्या घरात तो घातक आहे. पाहुण्यांसाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क वेगळे ठेवावे आणि कामासाठी वेगळे खाते काढून त्यालाच बदलाचा अधिकार द्यावा.

पावसाळ्यात वीज जाऊन येते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि संगणकांचे आयपी पत्ते (नेटवर्कवरील त्यांचे क्रमांक) बदलू शकतात. म्हणून शॉर्टकट पत्त्याऐवजी संगणकाच्या नावाने करावा, किंवा राउटरमध्ये पत्ता राखून ठेवावा.

आंब्याच्या पेट्यांचा हिशेब अजून विंडोज एक्सपीवर असेल, तर अडचण परवानगीची नसते. एक्सपीला एसएमबीची पहिली आवृत्तीच कळते आणि २०१७ अखेरच्या विंडोज १० पासून ती सहसा बंद असते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू तिच्यातील त्रुटीतून पसरला होता. तेवढ्यासाठी ती पुन्हा चालू करण्यापेक्षा हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवरून नेलेल्या बऱ्या.