गॅरेजमधला छताला टांगायचा गॅस हीटर

घराच्या गॅरेजात सुतारकामाचं नाहीतर गाडीच्या कामाचं वर्कशॉप थाटलं की थंडीत तिथे हात चालत नाहीत, गोंद वाळत नाही, मग छताला टांगायचा पंखेवाला गॅस हीटर बसवतात, त्याला युनिट हीटर म्हणतात. अमेरिका आणि कॅनडात हा प्रकार जास्त, कारण तिकडे मोठी गॅरेजं आणि घरापर्यंत आलेली गॅसलाइन दोन्ही असतात. पत्र्याच्या खोक्यात बर्नर, हीट एक्स्चेंजर म्हणजे ज्योतीची उष्णता हवेला देणारी पत्र्याची पोकळ नळी, आणि मागे पंखा, एवढंच. बर्नरचा धूर एक्स्चेंजरच्या आतून जातो, खोलीतली हवा त्याच्या बाहेरून, दोघांची गाठ पडता कामा नये.

छतालाच का, तर एक म्हणजे खालची जागा मोकळी राहते, आणि दुसरं म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत साचते, म्हणूनच अमेरिकेतल्या नियमांत गॅरेजमधल्या उपकरणाची ज्योत किंवा ठिणगी फरशीपासून किमान १८ इंच वर हवी असं आहे. टांगलेला हीटर त्याच्या कितीतरी वर असतो.

साइझबद्दल लोक उगाच हावरटपणा करतात. दोन गाड्यांच्या, भिंतींना इन्सुलेशन असलेल्या गॅरेजला ताशी ४५,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं अमेरिकी माप) म्हणजे साधारण १३ किलोवॉटचा हीटर सहसा पुरतो. फार मोठा घेतला की तो दोन मिनिटं पेटतो, बंद होतो, परत पेटतो, धुराचा पाइप नीट तापतच नाही आणि आत पाणी धरून गंज चढतो. आधी गॅरेजच्या दाराच्या फटी बुजवा, मग आकडा ठरवा.

खरं डोकं लावायचं ते गॅसच्या जोडणीत नाही, धूर जातो कुठे आणि जळायला हवा येते कुठून यात. साध्या हीटरचा धूर गरम असल्यामुळे आपसूक वर चढतो, त्याला छपरातून सरळ जाणारा दुहेरी भिंतीचा पाइप लागतो. पॉवर व्हेंटवाल्यात छोटा ब्लोअर धूर ढकलतो म्हणून पाइप भिंतीतून आडवा काढता येतो, पण मग पाइपात दाब असतो, सांधे सीलबंद हवेत, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच पाइप वापरायचा, बाजारातला मिळेल तो नाही. तिसरा प्रकार सेपरेटेड कंबश्चन, हा जळायची हवाही बाहेरूनच पाइपाने ओढतो. भुसा आणि थिनर असलेल्या वर्कशॉपला हाच बरा, पैसे जास्त गेले तरी.

कारण असं की साधा हीटर खोलीतलीच हवा खातो. त्याचा हिशोब १,००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा असा, म्हणजे ४५,००० ला २,२५० घनफूट. २४ बाय २४ फुटांच्या, ८ फूट उंच गॅरेजात ४,६०८ घनफूट भरतात, कागदावर भागलं. पण फटी बुजवलेल्या गॅरेजला हा हिशोब लागू नाही, आणि त्यात धूळ ओढून बाहेर फेकणारा ब्लोअर चालू केला तर आतला दाब पडतो, चिमणीतला धूर उलटा खाली येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असला तर नाकाला कळतही नाही. पेंट काढायची क्लोरीनवाली केमिकल्स असतील तर त्यांची वाफ ज्योतीतून जाऊन एक्स्चेंजर खाते ते वेगळंच. आणि सेपरेटेड कंबश्चनचा हीटर आहे म्हणून तो चालू ठेवून स्प्रे पेंटिंग करायचं, असंही नाही.

टांगताना वजन छताच्या जिप्समवर नाही, आतल्या लाकडी जॉइस्टवर, म्हणजे छताच्या तुळयांवर, यायला हवं, साधारण २५-३० किलो असतं. जॉइस्ट हव्या त्या अंतरावर नसले तर त्यांना आडवी पट्टी मारून त्यावरून लोंबवतात. गॅरेजचं दार पूर्ण उघडलं की वर सरकून कुठपर्यंत येतं ते आधी बघा, हे हमखास विसरलं जातं. बाजूचं, वरचं, मागचं मोकळं अंतर मॅन्युअलमध्ये असतं.

गॅसचा पाइप किती जाड हे लांबी आणि घरातल्या बाकी उपकरणांवर ठरतं, बारीक पाइपातून फाटा काढला तर हीटर आणि घरातलं पाणी तापवायचं मशीन दोघंही उपाशी. हीटरजवळ हाताने बंद करायचा कॉक, युनियन म्हणजे पाइप न कापता उघडता येणारा सांधा, आणि कचरा साचायला खाली झुकलेला छोटा पाइपाचा तुकडा लागतोच. लाइनची प्रेशर टेस्ट अर्ध्या पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर करायची असेल तर हीटर आधी सोडवून ठेवा, नाहीतर त्याचा गॅस व्हॉल्व जातो. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी नाही. लाइनच्या नॅचरल गॅसऐवजी टाकीतला प्रोपेन असेल तर हीटर त्यासाठी बदलायचे सुटे भाग, म्हणजे कन्व्हर्जन किट, पाहिजेच, नॅचरल गॅसला बर्नरवर ३.५ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या उंचीत मोजलेला) दाब लागतो, प्रोपेनला १०, बर्नरला गॅस सोडणारं छिद्रही बारीक, तसंच चालवलं तर ज्योत भडकते आणि काजळी धरते. बऱ्याच ठिकाणी हे काम परमिट घेऊन लायसन्सवाल्याकडूनच करावं लागतं.

वायरिंग सोपं, ११५ व्होल्टची सप्लाय आणि थर्मोस्टॅटला २४ व्होल्टच्या दोन तारा. थर्मोस्टॅट गरम झोताच्या समोर लावू नका. पहिल्यांदा पेटवल्यावर पत्र्यावरचं तेल जळून थोडा वास आणि धूर येतो, दार उघडं ठेवून तासभर चालू द्या. पुढे दर सीझनला पंख्यावरचा भुसा झाडायचा, बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी घरटं झालंय का बघायचं, आणि ज्योत निळी आहे ना तेही, पिवळी दिसली तर हीटर बंद करून माणूस बोलवायचा.