कॅन्स्कोरा : नावामागची गोष्ट

पाऊस ओसरू लागला की सह्याद्रीतल्या ओलसर कातळांच्या कडेला वीतभर उंचीची, फिकट गुलाबी फुलांची एक नाजूक वनस्पती दिसते. मराठीत तिला किलवार म्हणतात. दांडा बोटांत फिरवला की चौधारी लागतो. फुलाला चार पाकळ्या, पण त्या सारख्या नसतात. चार पुंकेसरांतही एकच नीट वाढलेला, बाकीचे तीन खुरटे. शास्त्रात ही कॅन्स्कोरा डिफ्यूझा, काडेचिराईताच्या कुळातली.

‘कॅन्स्कोरा’ हा शब्द लॅटिन वाटतो, ग्रीकही वाटतो. पण तो आहे मलबारचा. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात एका झाडोऱ्याचं स्थानिक नाव ‘कान्सजन-कोरा’ असं नोंदवलं आहे. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने 1785 मध्ये या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, नाव देताना तोच शब्द थोडा आखडून घेतला. लामार्क भारतात कधीच आला नव्हता. तरी मलबारच्या माणसांच्या तोंडचा शब्द त्याने टिकवला, याचं मला फार मोल वाटतं.

त्या ग्रंथामागचं ज्ञान डचांचं नव्हतंच. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य यांनी वनस्पती ओळखून दिल्या, त्यांचे गुण सांगितले. या तिघांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेला आहे. कोकणी छपाईचा इतका जुना नमुना गोवेकरांनी आणि आपणही अभिमानाने दाखवावा असा आहे. मूळ लॅटिन ग्रंथ इंग्रजीत यायला मात्र 2003 साल उजाडलं. केरळचे वनस्पतितज्ज्ञ के. एस. मणिलाल यांनी त्या कामाला आयुष्यातली कित्येक वर्षं दिली.

औषधाच्या बाजूने नावांचा घोळ आहे. बंगालकडच्या परंपरेत याच प्रजातीतली एक वनस्पती ‘शंखपुष्पी’ म्हणून वापरली जाते. केरळात त्याच नावाने गोकर्ण घेतात आणि इतरत्र आणखी वेगळी झुडपं. त्यामुळे जुन्या ग्रंथातली शंखपुष्पी नेमकी कोणती, हा वाद आयुर्वेदात अजून चालूच आहे.

पुढे आपली गावंही या नावाला चिकटली. ब्रिटिश वनस्पतितज्ज्ञ सी. बी. क्लार्क यांनी एका जातीला ‘कॉन्कनेन्सिस’ म्हटलं, म्हणजे कोकणातली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्पॅनिश धर्मगुरू आणि वनस्पतितज्ज्ञ फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षं हिंडले. तिथल्या एका जातीचं नाव त्यांनी ‘खंडालेन्सिस’ ठेवलं.