राखून ठेवलेला गाळ

सांडपाण्यात घाण किती असते? वजनाने पाहिलं तर हजारात जेमतेम एक भाग, बाकी 99.9 टक्के नुसतं पाणी. पण त्या एका भागातला बराचसा विरघळलेला असतो, त्यामुळे तो नुसत्या गाळण्याने हाती लागत नाही.

हे पाणी शहराबाहेर नेण्याचं काम मुख्यतः उतार करतो. प्रवाह सेकंदाला साधारण 0.6 मीटरपेक्षा मंदावला की वाळू आणि मैला तळाशी बसू लागतो. म्हणून गटाराचा नळ पुढे जाईल तसा खोल जातो, आणि फारच खोल गेला की पंपाने पाणी वर उचलून पुन्हा उताराला लावतात. प्रक्रिया केंद्रात आधी जाळ्या चिंध्या-प्लास्टिक अडवतात, मग वाळू आणि जड मैला खाली बसतो.

विरघळलेली घाण मात्र तशीच राहते. ती नदीत गेली तर तिथले जिवाणू ती खातीलच, पण त्यासाठी ऑक्सिजन नदीचा वापरतील. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि 20 अंश सेल्सिअसच्या लिटरभर स्वच्छ पाण्यात तो असतो फक्त 9 मिलिग्रॅम. मासे गुदमरतात ते यामुळे.

मग ही मेजवानी नदीऐवजी टाकीतच उरकली तर? मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पाणी पुरतं शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढा वेळ कुठल्या शहराला परवडणार! पण त्यांनी वरचं नितळ पाणी ओतून दिलं, खाली बसलेला गाळ राखला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. पुन्हा पुन्हा असं केल्यावर तेच काम दिवसाच्या आत होऊ लागलं. हा शोध त्यांनी 1914 मध्ये मांडला. मला यातला हा राखलेला गाळच सगळ्यात मोलाचा वाटतो. तो कचरा नव्हता, घाण खाऊन वाढलेल्या जिवाणूंची वसाहत होती.

आजही हवेच्या टाकीनंतरच्या टाकीत गाळ बसवून त्यातला बराचसा मागे फिरवतात. जे जिवाणू गुठळी करून तळाशी बसतात ते परत येतात, सुटे तरंगणारे पाण्याबरोबर वाहून जातात. अशी निवड आपोआप होत राहते. जास्तीचा गाळ बंद टाकीत कुजवून मिथेन मिळवतात.

कधी धाग्यांसारखे जिवाणू माजतात, गाळ फुगतो आणि खाली बसेनासा होतो. ते वेळीच कळावं म्हणून केंद्रातला माणूस टाकीतलं पाणी लिटरभर काचेच्या नळीत भरतो आणि अर्ध्या तासाने गाळ किती खाली बसला ते बघतो.