मजुरीची वही वेगळी, तिजोरीची वेगळी

"हे लोकं आपली कामं खाऊन राहिले, अन् वरून फुकटचं बी खाऊन राहिले."

नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या जपानी गार्डनची फेरी आटोपून तर्री-पोह्यांची प्लेट हातात घेतली, तेवढ्यात हे वाक्य कानावर आलं. बोलणाऱ्या काकांचा मुलगा टेक्सासमध्ये असतो, त्यामुळे त्यांचे 'हे लोकं' म्हणजे मेक्सिकोची सीमा चोरून ओलांडणारे. शेजारच्या गृहस्थांनी मान डोलावली, पण त्यांच्या डोक्यात बांगलादेशी होते. तिसऱ्याला मनीषनगरकडच्या साइटवरचे छत्तीसगडी मजूर आठवले. ते तर आपल्याच देशाचे, आपल्याइतकेच कायदेशीर. पण तिघांचं एकमत झालं आणि दुसरी प्लेट मागवली गेली.

मला त्या वाक्यातला 'अन्' खटकला. त्याच्या अलीकडे एक तक्रार आहे आणि पलीकडे दुसरी. आलेला माणूस स्वस्तात राबतो म्हणून इथल्याची मजुरी पडते, ही पहिली. तो भरतो कमी आणि शाळा, दवाखाना, रेशन यांतून घेतो जास्त, म्हणून सरकारी पैसा जातो, ही दुसरी. बेकायदा स्थलांतराच्या वादात या दोन्ही एकाच श्वासात येतात. पण पहिल्या वहीत पैसा मजुराच्या खिशातून मालकाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या खिशात जातो, सरकारचा संबंध येतोच असं नाही. दुसऱ्या वहीत एका बाजूला करदाता आणि दुसऱ्या बाजूला सरकार. एका वहीत तोटा असताना दुसरीत फायदा असू शकतो. अमेरिकेत बऱ्याच अंशी तसंच दिसतं.

आधी मजुरीची वही. ती समजायला टेक्सासला जायची गरज नाही, आपल्याकडचा सकाळी आठचा कोणताही मजुरांचा ठिय्या पुरे. समजा पन्नास रेजा आणि बेलदार, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया आणि गडी, कामाची वाट पाहत उभे आहेत. बाहेरून आणखी वीस आले, कामं तेवढीच राहिली, तर ठेकेदार भाव पाडणार. इथवर काकांचं बरोबर. पण विटा-रेती वाहणारे हात स्वस्त झाले, की एखाद्याचा अडलेला वरचा मजला सुरू होतो. तो सुरू झाला की मिस्त्री लागतो, सेंट्रिंगवाला, प्लंबर, टाइल्सवाला लागतो, हार्डवेअरच्या दुकानात गर्दी होते. म्हणजे नव्या बेलदारामुळे जुन्या बेलदाराचा भाव पडू शकतो आणि त्याच वेळी मिस्त्रीचा वधारू शकतो. 'मजुरांचं नुकसान झालं का' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. कोणत्या मजुराचं, ते आधी सांगावं लागतं. घर बांधणाऱ्याचा मात्र फायदाच. मी स्वतः वरचा मजला चढवला तेव्हा मला तो झाला, आणि त्या वेळी मी बाहेरच्यांबद्दल काही कुरकुर केल्याचं आठवत नाही.

यावर अर्थशास्त्रातलं सगळ्यात गाजलेलं भांडण मायामीवरून झालं. एप्रिल १९८० मध्ये क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोने मारिएल हे बंदर उघडलं आणि ज्याला जायचं त्याने जावं असं जाहीर केलं. ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख क्यूबन मिळेल त्या बोटीने फ्लोरिडाला पोचले. त्यांतले निम्म्याच्या आसपास मायामीतच राहिले आणि शहरातल्या कामकऱ्यांची संख्या काही महिन्यांत सुमारे सात टक्क्यांनी फुगली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना दुसऱ्या काही अमेरिकी शहरांशी केली, तेव्हा कमी कौशल्याच्या मजुरांचा भाव पडल्याचं त्यांना जवळपास दिसलंच नाही. अर्थशास्त्रज्ञांना धक्का बसला, कारण ठिय्याचं साधं गणित याच्या उलट सांगतं. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यामागे त्यांचं असंच काम होतं.

पंचवीस वर्षांनी जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली. हार्वर्डचे हे प्राध्यापक स्वतः क्यूबात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. त्यांनी सगळे मजूर न घेता फक्त शाळा अर्धवट सोडलेले पुरुष घेतले, त्यांतूनही स्पॅनिशभाषक वंशाचे वगळले. या गटाची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी पडलेली त्यांना दिसली. मग टीकाकार म्हणाले, एवढं चाळल्यावर नमुन्यात माणसंच किती उरतात, आणि त्या वर्षांत सर्वेक्षणात घेतलेल्या माणसांची जडणघडणच बदलली होती, त्याचं काय? भांडण अजून मिटलेलं नाही. माझं मत विचाराल तर शहरभराच्या सरासरीत कार्ड बरोबर वाटतात, आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला झळ बसते हा बोर्हास यांचा मुद्दाही झटकून टाकता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१६ च्या जाडजूड अहवालाचा सूर साधारण असाच आहे. दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या काळात एकूण मजुरीवर परिणाम फार थोडा. जो दिसतो तो आधी आलेल्या स्थलांतरितांवर आणि शाळा पूर्ण न केलेल्या स्थानिकांवर. म्हणजे नव्याने आलेल्याची पहिली झळ बहुतेक वेळा त्याच्याआधी आलेल्यालाच लागते.

उलटा प्रयोगही झालेला आहे. १९४२ पासून अमेरिका मेक्सिकोतून शेतमजूर कराराने आणत असे. त्या योजनेचं नाव ब्रासेरो. स्थानिक मजुरांचा भाव वाढावा म्हणून ती १९६४ अखेर बंद केली. भाव वाढला का? कागदपत्रं धुंडाळणाऱ्या अभ्यासकांना तशी वाढ सापडली नाही. शेतकऱ्यांनी जास्त मजुरी देण्याऐवजी टोमॅटो तोडणारी यंत्रं घेतली, आणि जिथे यंत्र चालत नव्हतं तिथे पीकच बदललं. ऐन कापूस वेचणीत माणसं मिळत नाहीत तेव्हा काटोल-नरखेडचा शेतकरी काय विचार करतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला यात नवल वाटू नये.

या सगळ्यात 'बेकायदा' शब्द अजून आलेलाच नाही. मजुरीची वही माणसाच्या हातांकडे पाहते, राजनांदगावहून रेल्वेने आलेला आणि मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांदे नदी पोहून आलेला तिला सारखेच. कागद नसण्याचा परिणाम तिथे एकाच वाटेने शिरतो, तो म्हणजे तक्रार करता न येणं. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या हॉफमन प्लॅस्टिक निकालात हे उघडं पडलं. संघटना बांधायला मदत केली म्हणून एका कामगाराला बेकायदा काढलं गेलं, पण त्याच्याकडे काम करण्याचा परवाना नव्हता, म्हणून बुडालेला पगार त्याला मिळणार नाही असं न्यायालयाने ठरवलं. आता मालकाच्या बाजूने विचार करा. ज्याला काढलं तरी काही भरावं लागत नाही असा माणूस स्वस्त, आणि शेजारी उभा असलेला परवानेवाला तेवढ्याने महाग. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने झालेल्या कायद्याखाली सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, तेव्हा त्यांची स्वतःची मजुरी वाढल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

आता तिजोरीची वही. इथे कागदच सगळं ठरवतो, आणि तोही काकांना वाटतो त्याच्या उलट दिशेने.

अमेरिकेत बेकायदा राहणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी नोकरीत असतो. बरेच जण खोटा किंवा दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर देतात. आपला पॅन आणि पीएफ नंबर एकत्र केल्यासारखा तो प्रकार. पगारातून निवृत्तिवेतनाचा हप्ता कापला जातो, पण पुढे निवृत्तिवेतन मागायला तो माणूस जाऊ शकत नाही. सोशल सिक्युरिटी खात्याच्या मुख्य गणितज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २०१० या एका वर्षात अशा कामगारांमुळे आणि त्यांच्या मालकांमुळे निधीत निव्वळ १२ अब्ज डॉलरच्या आसपास भर पडली. सगळे कर धरून २०२२ चा आकडा एका करविषयक संशोधन संस्थेने ९६.७ अब्ज डॉलर काढला आहे. बदल्यात काय मिळतं? अन्नाची कुपनं नाहीत. सरकारी आरोग्य विमा तातडीच्या उपचारांपलीकडे बहुतेक ठिकाणी नाही. तातडीचा रुग्ण दारात आला तर त्याला तपासून स्थिर करायचं, हे बंधन १९८६ च्याच दुसऱ्या एका कायद्याने रुग्णालयांवर आहे. आणि मुलांना शाळा, कारण १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आईबापांकडे कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही.

खरा खर्च या शाळेपाशी आहे, आणि काकांच्या मुलाची चिडचिड अगदीच हवेतली नाही ती याचमुळे. मोठे कर वॉशिंग्टनला जातात. शाळेचा, निवाऱ्याचा, दवाखान्याचा बराचसा भार मात्र राज्याने आणि शहराने उचलायचा. अमेरिकी संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २०२१ नंतर वाढलेल्या स्थलांतराचे दोन हिशेब मांडले. त्यात चोरून आलेल्यांबरोबर आश्रय मागणारेही धरले आहेत. केंद्राची तूट २०२४ ते २०३४ या काळात सुमारे ९०० अब्ज डॉलरनी कमी होईल, असं पहिला सांगतो. दुसऱ्यात राज्यं आणि स्थानिक संस्था आहेत. २०२३ या वर्षात त्यांना १०.१ अब्ज डॉलर जादा कर मिळाला आणि १९.३ अब्ज जादा खर्च झाला, म्हणजे ९.२ अब्जांची खोट. माणसं तीच, पण दिल्लीचा खजिना फुगावा आणि कचऱ्याची गाडी महापालिकेने पाठवावी, अशी गत. टेक्सासच्या शहरात राहणाऱ्याला आपल्या रस्त्यावरचा खर्च दिसतो, निवृत्तिवेतनाच्या निधीत पडलेली भर दिसत नाही.

इथे थोडं सावध राहायला हवं, कारण हा हिशेब उचलून नागपुरात ठेवता येत नाही, आणि हल्ली दोन्ही बाजूंचे लोक नेमकं तेच करतात. 'अमेरिकेत सिद्ध झालंय, ते कर भरतात' हे आपल्याकडच्या घुसखोराबद्दल बोलताना कामाचं नाही. आपल्या ठिय्यावर पगाराची पावती नाही, पीएफ कापला जात नाही, संध्याकाळी रोख हातात. कर जातो तो मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी जातो तसा, वस्तूंच्या मागून. पण ही गोष्ट स्थानिक बेलदाराचीही तितकीच खरी. तोही आयकर भरत नाही. घेण्याच्या बाजूला रेशन आहे, आणि ते कार्डावर मिळतं. म्हणून आपल्याकडे तिजोरीचा वाद खरं तर खोट्या कार्डांचा वाद आहे. खोटं कार्ड करून देणारा बहुतेक वेळा सीमेपलीकडून आलेला नसतो, ही गोष्ट तर्री-पोह्यांच्या प्लेटवर कोणी काढत नाही.

एकूण किती जण, हेही कोणाला नीट मोजता येत नाही. जो लपून राहतो तो जनगणनेत कसा सापडणार? अमेरिकेतल्या बेकायदा भारतीयांचंच घ्या. २०२२ साठी त्यांच्या गृहसुरक्षा खात्याचा अंदाज २ लाख २० हजार आणि प्यू संशोधन केंद्राचा ७ लाख २५ हजार. तिपटीहून जास्त फरक! ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्या दिवशी आमच्या पोह्यांच्या ठेल्यावर 'बिचारे, एजंटानं फसवलं' असं बोललं गेलं. घुसखोर हा शब्द काही निघाला नाही.

माझ्या वरच्या मजल्याच्या टाइल्स लावायला ठेकेदाराने मालद्याचा एक कारागीर आणला होता. मालदा पश्चिम बंगालमध्ये, म्हणजे माणूस भारतीय. जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूला पकडलेल्या काही बंगाली मजुरांना थेट बांगलादेशात ढकललं गेलं आणि नंतर ते भारतीयच असल्याची खात्री पटल्यावर परत आणावं लागलं, तेव्हापासून हा कारागीर आधार, मतदार कार्ड आणि शाळेचा दाखला तिन्ही लॅमिनेट करून पिशवीत बाळगतो. काम चोख होतं, सांधे अगदी सरळ. इथले टाइल्सवाले मागतात त्यापेक्षा चौरस फुटामागे बऱ्याच कमी दराने त्याने ते केलं. इतका कमी दर कसा, असं मी ठेकेदाराला विचारलं.

"भाव केलाच नाही भाऊ त्यानं," तो म्हणाला. "म्हणे, भांडण झालं अन् कोणी पोलिसात फोन केला तर? जेवढे देसाल तेवढे द्या."

मी तेवढेच दिले.