माणगें थापणारे हात आणि सर्कलवरचा डॉल्फिन

पौष अमावस्येला गोव्यातल्या फोंडा तालुक्यात दुर्भाट, बोरी या बाजूला गेलात तर शेताच्या कडेला लोक चिखलाची मगर करताना दिसतील. चिखल थापून थापून अंग तयार करायचं, पाठीवर खवल्यांसारखे शिंपले खोचायचे, काटक्यांचे दात लावायचे, मग हळद-कुंकू, फुलं आणि नैवेद्याला अंडं नाहीतर कोंबडीचं पिल्लू. याला म्हणतात माणगें थापणी. माणगें म्हणजे मगर. आणि मागणं काय तर बांध सांभाळ, शेत सांभाळ, आमच्या माणसांना आणि गुरांना हात लावू नकोस, बस्स.

हल्ली वन्यजीव वाचवा म्हणून चौकाचौकात, बीचवर, मॉलमध्ये वाघ-कासवाचे पुतळे उभे राहतात, त्यांचा विषय निघाला की मला पहिल्यांदा हे माणगेंच आठवतं. पब्लिक स्कल्प्चर म्हणजे काय हो शेवटी, उघड्यावर, सगळ्यांसमोर, सगळ्यांनी मिळून केलेली मूर्ती. मग हे त्याच्यात का धरू नये? फक्त उद्घाटनाला मंत्री नसतो आणि नावाची पाटी नसते एवढंच.

ही शेतं म्हणजे खाजनं. खाऱ्या पाण्याला बांध घालून मागची जमीन पिकाखाली आणलेली, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायला मानस नावाची दारं. बांध फुटला तर त्या वर्षीचं भात गेलंच. आणि मगरी तिथेच, मांडवी-जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि आजूबाजूच्या खाड्यांत. त्या गोड्या पाण्यातल्या मगरी, पण इथं मचूळ पाण्यात आरामात राहतात. पोर्तुगीजांनी पहाऱ्यासाठी आणून सोडल्या अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात, टुरिस्ट बोटीवाले तर हमखास, पण मला ती तितकीशी पटत नाही, कारण बाहेरून आणलेल्या पहारेकऱ्याची कोण एवढी मनापासून पूजा करेल? असो. ही मगर आज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे, पण माणगें थापणाऱ्यांनी ती वाचवायची म्हणून थापायला सुरुवात केली नव्हती, शेजाऱ्याशी जमवून घ्यायचं म्हणून केली होती. हा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून मागं जायचं तर सांगे तालुक्यात रिवणजवळ उसगळीमळ, गावातले लोक पणसायमळ म्हणतात. कुशावती नदीच्या काठावर जांभ्या कातळात कोरलेले बैल, हरणं, नाचणारी बाई, तो प्रसिद्ध चक्रव्यूह. 1993 मध्ये संशोधकांच्या नजरेत आलं, म्हणजे गुराख्यांना आधीपासून माहीत असणारच. काही हजार वर्षं जुनी चित्रं आहेत, का कोरली ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण माणसाच्या आधी जनावरच कोरावंसं वाटलं असेल असं तिथं उभं राहिल्यावर वाटतं खरं.

मग वाघ. सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या जंगलपट्ट्यात दगडावर कोरलेला वाघ देव म्हणून पूजतात, वाघ्रो म्हणतात, काही ठिकाणी व्याघ्रेश्वर. वाघाशी झुंजताना मेलेल्या माणसांच्या आठवणीचे दगडही सापडतात, एका बाजूला माणूस, समोर उभा राहिलेला वाघ. राजेंद्र केरकरांसारख्या अभ्यासकांनी हे दगड गावोगाव फिरून नोंदवले म्हणून आपल्याला माहीत तरी झाले, नाहीतर कुणाच्या तरी परसात पाटा म्हणून वापरात असते. यातला शिल्पकार काही फार कसबी नव्हता, कित्येक वाघ मांजरासारखे दिसतात, पण घाबरून आणि आदराने कोरलेत हे मात्र दिसतं.

आणि याच सत्तरीत 2009 मध्ये केरीला फासात अडकवून वाघ मारला गेला. मग जानेवारी 2020 मध्ये गोळावलीला, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. वाघाने गुरं मारलं म्हणून त्या मेलेल्या गुरावर कुणीतरी विष टाकलं होतं. चार वाघ एकदम. म्हादई अभयारण्य 1999 चं, 208 चौरस किलोमीटरचं, आणि 2020 पर्यंतसुद्धा गोव्यात वाघ राहतात की नुसते येऊन-जाऊन असतात यावर वाद चालू होता, पिल्लांसकट वाघीण मेल्यावर तरी तो वाद संपायला हवा होता की नाही! जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. जनावर गेलेल्या गरीब माणसाचा रागही मी समजू शकतो, भरपाई वेळेवर मिळाली नाही की दगडातला देव दगडातच राहतो.

कासवाची गोष्ट थोडी वेगळी. देवळात शिरताना गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेलं दगडी कासव सगळ्यांनी बघितलंय, हात लावून कपाळाला लावतो आपण. पण समुद्रावरच्या कासवाची अंडी बाजारात विकायला यायची हेही तितकंच खरं, जुन्या लोकांना विचारा. मोरजीला नव्वदच्या दशकात गावकऱ्यांनी आणि वनखात्याने मिळून घरटी राखायला घेतली, मग हळूहळू आगोंद, गालजीबाग, मांद्रे. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या नियमांच्या अधिसूचनेत या चारही किनाऱ्यांची नावं कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून आहेत. म्हणजे इथं पुतळ्याच्या आधी पहारा आला, बांबूचं कुंपण आणि रात्रभर जागणारा माणूस.

आता गोव्याबाहेर काय चाललं होतं ते पटकन सांगतो. रस्त्यावर फायबरची जनावरं मांडायची ही टूम स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची, 1998 ला तिथं रंगवलेल्या गाई उभ्या केल्या, पुढच्या वर्षी शिकागोत. त्यात जागृती वगैरे काही नव्हतं, शहराची जाहिरात होती. मग 2007 ला रॉटरडॅममध्ये हत्तींची परेड निघाली, तिच्यामागे मोशा नावाची थायलंडमधली पिल्लू हत्तीण होती, भूसुरुंगावर पाय पडून तिचा एक पाय गेला होता, मग तिला कृत्रिम पाय बसवला. हत्ती रंगवायचे, शहरात मांडायचे, लिलाव करायचा, पैसे खऱ्या हत्तींना. 2018 ला हीच परेड भारतात आली, 101 हत्ती घेऊन. पण मला सगळ्यात आवडली ती 2008 ची पॅरिसची कल्पना, कागदाच्या लगद्याचे 1600 पांडे, कारण तेव्हा जंगलात पांडे साधारण तेवढेच उरले होते असा अंदाज होता. बघणाऱ्याला आकडा डोळ्यानं दिसला. आकडा छापून कोण वाचतो!

आणि निलगिरीतल्या गुडलूरचे हत्ती. तिथल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काड्यांपासून खऱ्याएवढे हत्ती विणले, एकेक हत्ती त्यांच्या ओळखीच्या खऱ्या हत्तीवरून. घाणेरी म्हणजे आपल्याकडेही माळरानं खाऊन टाकते तीच टणटणी, बाहेरून आलेलं झुडूप, जंगलात पसरलं की गवत संपतं. म्हणजे काढायचं होतंच ते, त्यातूनच मूर्ती. 2024 मध्ये असे शंभर हत्ती अमेरिकेत फिरले. हे माझ्या मते माणगेंच्या जवळचं आहे, जागेवरचा माल, जागेवरची माणसं, आणि जनावराशी रोजची गाठ.

गोव्यात असलं काही जमणार नाही असं बिलकुल नाही, उलट हात इथं फार तयार आहेत. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावरची पोरं दोन मजली नरकासुर उभा करतात, शिमग्याच्या चित्ररथात तर मान हलवणारे, तोंड उघडणारे प्राणी असतात, वाघ, गरुड, कधी कासव. चतुर्थीच्या देखाव्यात जंगल वाचवा हा विषय दरवर्षी कुठेतरी असतोच. फक्त हे सगळं बक्षिसाच्या टेबलापाशी संपतं, दुसऱ्या दिवशी थर्माकोल रस्त्याकडेला.

कायमचं जे उभं राहतं ते मात्र सौंदर्यीकरणात. 2004 पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, बक्षीस सुवर्णमयूर, त्यामुळे नोव्हेंबरात पणजीत मोरच मोर. आणि गंमत बघा, 2016 मध्ये त्या वेळच्या कृषिमंत्र्यांनी शेतीला त्रास देणाऱ्या प्राण्यांची जी यादी सांगितली त्यात मोर होता आणि गवाही, गवा म्हणजे आमचा राज्यप्राणी. शेतकऱ्याचं नुकसान होतं हे खोटं नाही, गव्याचा कळप एका रात्रीत बागायत साफ करतो, पण तोच प्राणी बोधचिन्हावर आणि तोच यादीत, हे फक्त आम्हालाच जमतं.

मोरजीला मोठं कासव उभारा, रात्री लाइटिंग करा, टुरिस्ट येतील असं परवाच एक ओळखीचा सांगत होता. त्याला म्हटलं बाबा, अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे चालतं, समुद्रावर आभाळाचा उजेड असतो म्हणून ते पाण्याकडे जातं, तू फोकस लावलास तर ते तुझ्या पुतळ्याच्या पायाशी येऊन मरेल. तो म्हणाला मग दिवसाच बघायला सांगू. दिवसा ठीक आहे म्हटलं.

आमच्या घराजवळच्या एका सर्कलवर फायबरचा डॉल्फिन आहे, निळाजांभळा, उडी मारताना. गोव्याच्या किनाऱ्यावर बोटीतून दाखवतात तो डॉल्फिन करड्या रंगाचा, पाठीवर कुबड असलेला, आणि जगाच्या यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे, पण सर्कलवर तसं काही लिहिलेलं नाही आणि तो डॉल्फिन तसा दिसतही नाही, कॅटलॉगमधून मागवलेला वाटतो. मागच्या पावसाळ्यात त्याची शेपटी तुटली. दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा बघतो म्हणाले. सध्या त्याच्या तोंडाला एक दोरी आणि समोरच्या खांबाला दुसरी, मध्ये कार्निव्हलचा बॅनर लटकतोय, अजून काढलेला नाही.