जात्यावर बसलं की…

संगीतोपचार म्हटलं की आपल्याकडे लगेच तक्ते निघतात. झोपेला हा राग, रक्तदाबाला तो. या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. व्यवसाय म्हणून संगीतोपचार तसा अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या रुग्णालयांत गायक-वादक येऊ लागले. त्याचं रीतसर शिक्षण हवं असं वाटून १९४४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात अभ्यासक्रम निघाला आणि १९५० मध्ये संगीतोपचारकांची संघटना झाली.

मराठी मुलखात मनावरचा भार गाण्यावर टाकायची रीत याहून कितीतरी जुनी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे ओवी ग्रंथात चढण्याआधी उखळाशी होती. पुढे जनाबाईच्या अभंगांत तर विठ्ठलच दळायला येऊन बसतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातं अजून दाखवतात.

दळण म्हणजे पहाटेचं काम, कोंबड्याच्याही आधीचं. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्यावर दोघींचे हात, मोकळ्या हातानं मूठ मूठ दाणे वैरायचे. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. जात्याच्या घरघरीत ओसरीवर निजलेल्या सासऱ्याला सूर ऐकू जात असेल, शब्द बहुधा कळत नसावेत. दिवसभर जे तोंडातून काढायची सोय नव्हती, ते इथं निघायचं: माहेरी न्यायला न आलेला मुराळी, सासूचा जाच, लांब दिलेली लेक. फार बोचरं असेल तर ते सीतेच्या नावावर खपवायचं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या इतक्या का, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं. आणि जात्याला म्हणायचं ईश्वर. त्याला विनवायचं, बाबा रे, जड जाऊ नकोस, आईच्या दुधाची परीक्षा आहे. जातं जड जायचंच. टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं दगड खरबरीत करून, महिने झाले असतील तर जास्तच.

ओवीत आपण कोण हेही सांगितलं जाई. मावळातली बाई डोंगर आणि पाऊस आणते, वारकरी घरातली पंढरीची वाट. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर त्याच जात्यावर, त्याच चालीत भीमराव आणि बुद्ध आले. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या अशा ओव्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. देव बदलला तरी खुंटा तोच राहिला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. मात्र सर्वांत मोठं काम पुण्यातून झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या मदतीनं लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांसमोर येऊ लागल्या. त्या वाचताना मात्र काहीतरी निसटतं. कागदावर दोन ओळी शेजारी दिसतात. मध्ये जात्याचे किती फेरे गेले, श्वास कुठे अडखळला, ते दिसत नाही.

या ओव्या नोंदवल्या जाईतोवर गावात पिठाची गिरणी आली होती. त्याबद्दल हळहळणारे बहुतेक कधी दळायला बसलेले नसतात. पायलीभर ज्वारी दळून मनगटं भरून आलेल्या बाईला गिरणी म्हणजे सुटकाच होती. फक्त दळणाबरोबर समोर बसणारी दुसरीही गेली, आणि ती पहाटेची एकांताची वेळही.

जातं आता बाहेर निघतं ते लग्नाच्या हळदीला. बार्शीला एका नात्यातल्या लग्नात पाहिलं. खुंट्याला सुपारी-हळकुंडाची पुरचुंडी बांधलेली, पाच सवाष्णी, दोन-दोन फेरे आणि फोटो. थोरल्या काकूंना सगळ्यांनी ओव्या म्हणायचा आग्रह केला. खुर्चीत बसून त्यांनी चार म्हटल्या आणि अडल्या. “पुढचं येत नाही गं, किती वर्षं झाली.” ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण कुणाला आठवली की नाही, माहीत नाही, पण एका सुनेनं त्यांना हात धरून खाली बसवलं आणि खुंटा हातात दिला. दोन फेरे नुसतेच गेले. तिसऱ्याला पाचवी ओवी आली, मग सहावी, आणि हळद केव्हाच दळून झाली तरी काकू थांबेनात.