एकाच दुखण्याची दोन मुलं भेटावीत म्हणून

लहान मुलांना दीर्घकाळचा संधिवात होतो, याची नीट नोंद होऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि हा आजार मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा असल्याचं दाखवलं. तरीही आज नौपाड्यात किंवा नेरुळमध्ये एखादी आई शेजारणीला सांगते तेव्हा पहिला प्रश्न तोच येतो, "एवढ्याशा पोरीला संधिवात? तो तर आजीला असतो ना?" हा प्रश्न ऐकत मोठं होणाऱ्या मुलांना त्याच वाटेने गेलेली एखादी ताई किंवा दादा मिळावा, या कल्पनेचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा आहे. तो औषधांच्या इतिहासात गुंतलेला असल्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागते.

इंग्लंडमध्ये टॅप्लो या गावी कॅनेडियन रेडक्रॉसच्या रुग्णालयात १९४७ मध्ये मुलांच्या संधिवातासाठी खास विभाग सुरू झाला. एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा अँसेल या दोन डॉक्टरांनी तिथे या आजाराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तेव्हा हाताशी फार काही नव्हतं. ॲस्पिरिन, विश्रांती, सांधे वाकडे होऊ नयेत म्हणून बांधायच्या पट्ट्या आणि व्यायाम. १९४९ मध्ये कॉर्टिसोन या स्टेरॉईडच्या गुणाची बातमी जगभर गेली, पण स्टेरॉईड दीर्घकाळ घेतलं तर मुलांची उंची खुंटते, चेहरा सुजतो, हेही लवकरच दिसलं. मुलं महिनोन्‌महिने रुग्णालयात राहत, शाळाही तिथेच भरे. घरापासून इतकं लांब राहणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण त्या वॉर्डात एक गोष्ट कुणी न ठरवता आपोआप मिळत होती असं मला वाटतं. शेजारच्या खाटेवर तसंच दुखणं असलेलं दुसरं मूल असायचं, आणि त्यांच्यातलं थोडं मोठं कुणीतरी पुढे काय होतं हे आधीच पाहून आलेलं असायचं.

पुढे उपचार पालटले. आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट मुलांमध्येही उपयोगी पडतं, हे अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांनी मिळून केलेल्या चाचणीतून १९९२ मध्ये पुढे आलं. १९९९ मध्ये इटानरसेप्ट या पहिल्या बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींच्या मदतीने बनवलेल्या, औषधाला अमेरिकेत मुलांच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली. दरम्यान, नावांचा गोंधळही मिटत गेला. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेला, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला आणि दुसरं कारण न सापडणारा संधिवात 'जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' या एकाच नावाखाली आला. मुलं घरी राहून, ओपीडीत येऊन बरी राहू लागली. टॅप्लोचं रुग्णालय १९८५ मध्येच बंद झालं होतं.

हे यश निर्विवाद आहे, पण त्यातूनच मुलं एकमेकांपासून विखुरली. पाश्चात्त्य देशांत साधारण हजार मुलांमागे एक असा या आजाराचा अंदाज सांगतात. तोच इकडे धरला तर ऐरोलीच्या एखाद्या मोठ्या शाळेत एक मूल असेल, दुसरं कळव्याला, तिसरं खारघरला. त्यांची गाठ पडली तर परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयातल्या बाकावर, आईवडिलांच्या मधे, मांडीवर फाईल घेऊन. नंबर पुकारला की तेवढीही ओळख संपते.

ज्याने भोगलं आहे त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, ही रीत आपल्याकडे नवी नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्यांना सांभाळायला उभी राहिली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली, आणि स्वमदत गट हा शब्द इथल्या मध्यमवर्गीय घरांत ओळखीचा झाला. संधिवाताच्या बाबतीत हीच वाट स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घेतली. तिथले वर्ग डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं चालवत, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःला संधिवात होता. शिकवलेला व्यायाम किती केला यापेक्षा "हे मला जमेल" हा विश्वास किती वाढला, याच्याशी लोकांच्या सुधारणेचा जास्त संबंध दिसला. पण ते वर्ग मोठ्यांचे होते. पंधरा वर्षांच्या मुलीला साठीतल्या बाईंचा अनुभव ऐकवून फारसं काही साधत नाही.

किशोरांसाठीचा सर्वांत नेमका प्रयत्न कॅनडात झाला. टोरोंटोच्या सिककिड्स रुग्णालयातल्या जेनिफर स्टिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ ते २५ वयाच्या, हाच आजार असलेल्या तरुणांना प्रशिक्षण दिलं आणि १२ ते १८ वयाच्या मुलांशी त्यांची स्काइपवर जोडी लावून दिली. दोन महिन्यांत दहा कॉल, असा बेत होता. २०१६ मध्ये या प्रयोगाची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. मुलं अवघी ३०, त्यात बहुतेक मुलीच. आजार आपण सांभाळू शकतो, ही भावना मार्गदर्शक मिळालेल्यांमध्ये वाढलेली आढळली. एवढ्याशा चाचणीवरून फार मोठे दावे करू नयेत. पण वयाचं अंतर आणि फोनवरची भेट, या दोन्ही गोष्टी मला अगदी योग्य वाटतात. ठाण्याच्या जिन्यांवर गुडघे दुखवून ट्रान्स-हार्बर गाठण्यापेक्षा घरातूनच बोलणं बरं.

भारतात एक वेगळेपण आहे. इथे टाचा, गुडघे आणि कंबर धरणारा, मोठ्या मुलग्यांमध्ये दिसणारा प्रकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. "उंची वाढतेय, म्हणून दुखतं" किंवा "दप्तर जड आहे" असं म्हणत या मुलांचा बराच काळ निघून जातो. त्यांना ताईइतकीच दादाचीही गरज आहे.

बोलायचं काय, हे मुलांना सांगावं लागत नाही. मेथोट्रेक्सेटची पिवळी गोळी नुसती पाहूनच मळमळायला लागतं. आई म्हणते, मनाचे खेळ आहेत. हे खरंच होतं आणि माझंही व्हायचं, असं दुसऱ्या मुलाने सांगितलं की निम्मी लाज जाते. सकाळी सांधे आखडलेले असतात, पहिल्या तासाला बेंचवरून उठवत नाही आणि संध्याकाळी तोच मुलगा सोसायटीत क्रिकेट खेळताना दिसतो. सर म्हणतात, नाटक करतो. स्टेरॉईडने गाल फुगलेले असताना शाळेचा ग्रुप फोटो निघणार असतो. यांतलं डॉक्टरांच्या दहा मिनिटांत काहीच मावत नाही. मार्गदर्शकाने मात्र डोस सांगायचा नाही, गोळी बंद कर म्हणायचं नाही, आणि डोळ्यांच्या तपासणीला पर्याय व्हायचं नाही. या आजारात डोळ्याला आतून आलेली सूज सहसा दुखत नाही, म्हणून ती तपासणी ठरल्या वेळी झालीच पाहिजे.

मनगटं धरलेल्या मुलाला दहावीला लेखनिक मिळतो का, हा इकडच्या घरांमधला मोठा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतरही ही सोय ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्याशी बांधली गेली होती. विकास कुमार या परीक्षार्थी उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की लिहिण्यात खरी अडचण असेल, तर त्या टक्केवारीअभावी लेखनिक नाकारता येणार नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. वैद्यकीय प्रमाणपत्र कधी मागायचं, अर्ज शाळेत कुणाकडे द्यायचा, दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घ्यायचा सराव कधी सुरू करायचा, हे गेल्याच वर्षी यातून गेलेला अकरावीतला मुलगा जितकं नेमकं सांगेल तितकं दुसरं कुणीच सांगणार नाही. ठाणे-नवी मुंबईत अशी पहिली जोडी लावायचीच, तर मी ती दहावीतल्या मुलाची आणि या अकरावीतल्या मुलाची लावेन, दोघांच्या पालकांची संमती घेऊन आणि जूनमध्येच, म्हणजे अर्जाची वेळ येईपर्यंत त्यांची ओळख जुनी झालेली असेल.